सहोदर आणि परके : परोपजीवी तांबड्या शैवलांच्या वर्गीकरणाचा इतिहास

उत्तर अटलांटिक महासागराच्या खडकाळ किनाऱ्यांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, ॲस्कोफायलम नोडोसम नावाचे एक मोठे तपकिरी शैवल विपुल वाढते. त्याच्या अंगावर काळपट तांबड्या रंगाचे, केसांच्या झुपक्यासारखे दिसणारे दुसरे एक शैवल रुजलेले असते. त्याचे जुने नाव पॉलिसायफोनिया लॅनोसा. आज त्यास व्हर्टिब्रेटा लॅनोसा म्हणतात. या दुसऱ्या शैवलाच्या बारीक शाखा भिंगाखाली न्याहाळल्या, तर कोठे कोठे फिकट, पांढुरक्या गाठी आढळतात. प्रथमदर्शनी ती एखाद्या किड्याने केलेली इजा वाटावी, किंवा शैवलास जडलेला रोग वाटावा. वस्तुतः ते तिसरे शैवल होय. त्याचे नाव कोरिओकोलॅक्स पॉलिसायफोनिई. तेही तांबड्या शैवलांच्याच विभागातील आहे; मात्र तांबडेपणा त्याच्यात मुळीच उरलेला नाही, आणि स्वतःचे अन्न स्वतः तयार करण्याचे सामर्थ्यही उरलेले नाही. यजमानाच्या पेशींतून मिळेल त्यावर त्याची गुजराण चालते.

अशा परोपजीवी तांबड्या शैवलांच्या शंभराहून अधिक जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. त्यांच्याविषयी दोन गोष्टी आरंभीच ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली ही की, ही शैवले जवळजवळ निरपवादपणे तांबड्या शैवलांवरच वाढतात. हिरवे किंवा तपकिरी शैवल त्यांना यजमान म्हणून चालत नाही. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. यांतील बहुसंख्य जातींचे यजमान त्यांचे निकटचे आप्त असतात. पुष्कळदा दोघेही एकाच कुलातील, आणि काही वेळा तर जगातील इतर कोणत्याही शैवलापेक्षा एकमेकांस अधिक जवळचे असतात. हे असे का असावे, आणि या जीवांना वर्गीकरणात कोठे बसवावे, या दोन प्रश्नांचा इतिहास जवळपास दीडशे वर्षांचा आहे. त्या इतिहासात शास्त्रज्ञांनी योजिलेल्या शब्दांचा वाटाही लहान नाही.

परोपजीवनाची जी चित्रे आपल्या भाषांनी रंगविली आहेत ती बहुतेक परक्याची आहेत. कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या कोकिळेस संस्कृतात 'परभृत' आणि 'परपुष्ट' म्हणतात. भरण करणारा पर आहे, हेच त्या शब्दांचे मर्म. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळास 'वृक्षादनी' म्हणजे झाड खाणारी असे नाव आहे. मराठीत दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसास बांडगूळ म्हणतात, तेव्हाही तो बाहेरून येऊन चिकटलेला आहे हा भाव त्यात असतो. युरोपीय भाषांतील 'पॅरासाइट' हा शब्द ज्या ग्रीक 'पारासितोस'वरून आला, त्याचा मूळ अर्थ 'धान्यापाशी बसणारा', म्हणजे सहभोजी. अथेन्समध्ये पुरोहितांबरोबर भोजनास बसण्याचा मान असलेल्या अधिकाऱ्यांस ही संज्ञा होती, आणि त्या काळी तिच्यात निंदेचा लेशही नव्हता. पुढे ग्रीक सुखात्मिकांनी त्या शब्दाचा अर्थ पार उतरविला. त्याच नाटकांतून 'कोलाक्स' हे आणखी एक पात्र वावरत असे. कोलाक्स म्हणजे तोंडपुजा, श्रीमंताच्या पंगतीस बसण्यासाठी त्याची स्तुती करणारा. कोरिओकोलॅक्स, प्लोकॅमिओकोलॅक्स, ॲस्टेरोकोलॅक्स या शैवलनामांच्या शेपटात हाच तोंडपुजा दडलेला आहे. नाव ठेवणाऱ्यांस तो परकाच वाटत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या जीवांचा शास्त्रीय इतिहास सामान्यतः १८७५ पासून धरतात. त्या वर्षी जर्मन शैवलवेत्ता पॉल फ्रीड्रिख राइन्श याने शैवले व कवके यांविषयीचा आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोरिओकोलॅक्स हा वंश त्याने प्रथम वर्णिला. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, काउंट झोल्म्स-लाउबाख याने लॉरेन्शियाच्या गोत्रातील एका शैवलावर वाढणारे दुसरे परोपजीवी वर्णिले आणि पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ यांचेव्हस्की याच्या सन्मानार्थ त्यास जांचेव्हस्किया हे नाव दिले. झोल्म्स-लाउबाख या विषयात योगायोगाने आलेला नव्हता. सपुष्प परोपजीवी वनस्पती यजमानाच्या शरीरात आपली शोषक मुळे कशी शिरवितात, याचा त्याने पूर्वीच कसून अभ्यास केलेला होता. राइन्शने कोरिओकोलॅक्समध्येच घातलेली आणखी एक जाती १८८९ मध्ये श्मिट्स व राइंके यांनी वेगळी काढली आणि आयर्लंडचा शैवलवेत्ता हार्वे याच्या नावावरून तिच्यासाठी हार्वेयेला हा वंश स्थापिला. १८९९ मध्ये इंग्लंडातील स्टर्च याने त्याच हार्वेयेलाच्या रचनेचा आणि पुनरुत्पादनाचा तपशीलवार वृत्तांत दिला.

यांपैकी श्मिट्सचे कार्य परोपजीवींपुरते मर्यादित नव्हते. तांबड्या शैवलांचे सबंध वर्गीकरण बाह्य आकारावर न आधारता स्त्रीजननेंद्रियांच्या रचनेवर आणि फलनानंतरच्या घडामोडींवर आधारावे, ही दृष्टी १८८३ मध्ये त्याने दिली. या शैवलांत फलन झाल्यावर निर्माण होणारे केंद्रक मूळ पेशीतच राहते असे नाही. पुष्कळ जातींत ते दुसऱ्या एका 'साहाय्यक पेशी'त नेऊन ठेविले जाते, आणि तेथून बीजुके निर्माण करणारी एक नवी पिढी मातेच्या अंगावरच वाढू लागते. श्मिट्सने या स्थलांतरास दुसरे फलन मानिले होते. तो भ्रम ओल्टमान्स याने १८९८ मध्ये दूर केला. तथापि मूळ निरीक्षण टिकून राहिले. एका पेशीचे केंद्रक दुसऱ्या पेशीने आपल्यात सामावून घ्यावे, त्याच्या तंत्राने वागावे आणि त्यास पोसावे, ही गोष्ट तांबड्या शैवलांच्या नित्याच्या प्रपंचातीलच आहे. ही कन्या-पिढी आपल्या मातेवर एका अर्थी परोपजीवीच असते. पुढील कथेत या गोष्टीचे महत्त्व कळून येईल.

विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधनाचे केंद्र पॅसिफिक किनाऱ्याकडे सरकले. कॅलिफोर्नियात १९१० मध्ये ग्रॅसिलॅरिओफिला हा वंश वर्णिला गेला. त्यातील जातीचे ओरिझॉइडिस हे विशेषण ग्रीक 'ओरिझा' म्हणजे तांदूळ यावरून आलेले आहे. यजमानाच्या अंगावर खरोखरच तांदळाचे दाणे चिकटावेत तसे हे परोपजीवी दिसते. जपानमध्ये १९१३ मध्ये येन्दो याने येनोशिमा बेटाच्या नावाने बेन्झाइटेनिया येनोशिमेन्सिस ही जाती प्रसिद्ध केली. या बेटावर बेन्झाइतेन देवतेचे प्रसिद्ध स्थान आहे, आणि बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेली आपली सरस्वती होय. समुद्रातील एका क्षुद्र बांडगुळाच्या नावात सरस्वतीची आठवण राहावी, हा नामकरणशास्त्रातील एक मौजेचा योग म्हटला पाहिजे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम आल्बर्ट सेचेल याने १९१८ मध्ये तांबड्या शैवलांतील परोपजीवनावर एक लेख प्रसिद्ध केला. तोपर्यंत एकेका जातीचे वर्णन चालले होते. सेचेलने त्या सर्वांकडे एकत्र पाहिले. परोपजीवी आणि यजमान यांचे पुनरुत्पादक अवयव इतके सारखे का असावेत, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. त्याने सुचविलेले उत्तर धीट होते. यजमानाच्याच एखाद्या बीजुकात उत्परिवर्तन घडून यावे, ते बीजुक मातृशरीरावरच रुजावे, आणि स्वतंत्र जगण्याचे सामर्थ्य गमावून तेथेच परोपजीवी होऊन राहावे, अशी ती कल्पना होती. म्हणजे परोपजीवी हा बाहेरून आलेला नसून त्या घरातच जन्मलेला आहे. याउलट स्टर्चने १९२६ मध्ये असे प्रतिपादिले की, परोपजीवी हे मूळचे केवळ अधिवासी, म्हणजे दुसऱ्या शैवलाच्या पृष्ठभागावर नुसते राहणारे, असावेत. ते हळूहळू आत शिरले. आणि यजमान जवळचा आप्त असेल तर पेशीशी पेशी जोडणे सुकर होत असल्यामुळे आप्तांमध्येच हे संबंध दृढ झाले. एका मते नाते हे परोपजीवनाचे उगमस्थान होते, दुसऱ्या मते नाते ही केवळ त्याची सोय होती. मतभेद बारीक दिसतो, परंतु वर्गीकरणावर त्याचा परिणाम मोठा होतो. पहिले मत खरे असेल तर 'परोपजीवी तांबडी शैवले' असा एकसंध समूह निसर्गात असूच शकत नाही. जितके यजमान तितके स्वतंत्र उगम मानावे लागतात.

स्टर्चने मात्र त्याच १९२६ च्या निबंधात कोरिओकोलॅकेसी हे स्वतंत्र कुल स्थापिले. कोरिओकोलॅक्स, हार्वेयेला आणि त्यानेच नव्याने वर्णिलेला, ग्रॅसिलॅरियावर वाढणारा होल्मसेला हा वंश, यांसारख्या वर्णहीन, गाठीसारख्या, अत्यंत साध्या रचनेच्या परोपजीवींना त्यात एकत्र आणले. आपापल्या यजमानाशी त्यांचे ठळक साम्य दिसत नव्हते, आणि परस्परांशी मात्र दिसत होते. युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष वाटतो. परंतु हे साम्य कशाचे होते, हे विचारले की त्याचा पाया डळमळतो. रंग नाही, पाने-फांद्यांसारखे अवयव नाहीत, कवच नाही, पेशींचा गुंतागुंतीचा क्रम नाही : ही यादी जवळजवळ सर्वस्वी नकारांची आहे.

भाषांच्या वर्गीकरणात हा प्रश्न याच सुमारास, किंबहुना थोडा आधीच, सोडविला गेला होता. राइन्शच्या ग्रंथानंतर अवघ्या एका वर्षाने, १८७६ मध्ये, आउगुस्ट लेस्कीन याने स्लाव्हिक, बाल्टिक व जर्मानिक भाषांच्या विभक्तिप्रत्ययांचा अभ्यास करून असे दाखविले की, दोन भाषांनी जुने काय राखून ठेविले यावरून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. त्यांनी मिळून नवे काय घडविले यावरूनच ते ठरते. लोप हादेखील बदलच खरा, परंतु तो सर्वांत दुबळा पुरावा होय. कारण नवी घडण दोन ठिकाणी हुबेहूब सारखी होणे कठीण, पण गमावणे कोणासही, कोठेही साधते. बंगालीने व्याकरणिक लिंग गमावले आणि इंग्रजीनेही गमावले. म्हणून तीन लिंगे जपणाऱ्या मराठीस व जर्मन भाषेस एका शाखेत आणि बंगाली-इंग्रजीस दुसऱ्या शाखेत कोणी घालणार नाही. कोरिओकोलॅकेसी कुलात नेमके हेच घडले होते. या कुलास जे अनेक दशकांचे आयुष्य लाभले, त्याचे श्रेय पुराव्यापेक्षा पुराव्याच्या अभावास द्यावे लागेल. ज्या स्त्रीजननेंद्रियांवर श्मिट्सची आणि त्याच्यानंतर स्वीडनच्या हाराल्ड क्युलिनची वर्गीकरणपद्धती उभी होती, ती या अतिसूक्ष्म व झिजलेल्या शरीरांत वाचणेच दुरापास्त होते.

१९५८ मध्ये झां फेल्डमान आणि जेनेव्हिएव्ह फेल्डमान या फ्रेंच दांपत्याने परोपजीवी फ्लोरिडी शैवलांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि आज रूढ असलेल्या दोन संज्ञा दिल्या : 'आदेल्फो-परोपजीवी' आणि 'आल्लो-परोपजीवी'. पहिल्या वर्गातील जीव यजमानाचा निकटचा आप्त, दुसऱ्यातील दूरचा. ज्ञात जातींपैकी बहुसंख्य जाती पहिल्या वर्गात पडतात. ग्रीक 'आल्लोस' म्हणजे अन्य, परका. 'आदेल्फोस' म्हणजे भाऊ. पण त्याची व्युत्पत्ती अधिक बोलकी आहे. त्यातील आरंभीचा 'आ' हा संस्कृत 'स'चा सगोत्र असून सहभाव दाखवितो, आणि उरलेला भाग 'देल्फुस' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी निगडित आहे. हा देल्फुस आणि आपला 'गर्भ' मुळात एकाच धातूतून निघालेले आहेत. म्हणजे 'आदेल्फोस' हा संस्कृत 'सगर्भ्य' शब्दाचा जुळा भाऊच. मराठीत या वर्गास 'सहोदर-परोपजीवी' म्हणावे, त्याहून नेमका पर्याय सापडणे कठीण. फेल्डमान दांपत्याने व्युत्पत्तीचा इतका विचार केला असो वा नसो, शब्द मात्र असा निवडला गेला की त्यात सेचेलची जुनी कल्पना आपोआप येऊन बसली. सहोदर हा जवळ राहणाराच नव्हे, तर एकाच उदरातून निघालेला असतो.

असाच प्रकार प्राणिसृष्टीतही पूर्वी नोंदला गेलेला होता. दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळात राहून त्यांच्या कष्टांवर जगणाऱ्या मुंग्या बहुधा यजमान मुंग्यांच्या निकटच्या आप्त असतात, हे इटलीच्या कार्लो एमेरी याने १९०९ मध्येच दाखविले होते. परंतु शैवले आणि मुंग्या यांचे अभ्यासक एकमेकांचे लेखन क्वचितच वाचीत, आणि हा धागा बराच काळ तसाच राहिला.

फेल्डमानांच्या वर्गीकरणानंतर लक्ष वळले ते परोपजीवन प्रत्यक्षात चालते कसे याकडे. यजमानाने तयार केलेले अन्न परोपजीवीत जाते हे गृहीत धरलेले होते. किरणोत्सर्गी कार्बनाचा माग काढून १९७३ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी ते होल्मसेलाच्या बाबतीत दाखवून दिले. ही पुष्टी महत्त्वाची खरी, पण अनपेक्षित नव्हती. अनपेक्षित शोध लागला तो पुढील दशकात.

तांबड्या शैवलांच्या पेशी विभागताना त्यांच्यामधील पडदा पुरता मिटत नाही. मध्यभागी एक छिद्र राहते आणि त्यात बुचासारखी गाठ बसते. या दुव्यास 'पिट कनेक्शन' म्हणतात; येथे त्यास 'गर्तबंध' म्हटले आहे. विभागणीतून आपोआप राहिलेला तो प्राथमिक गर्तबंध. पण पुष्कळ तांबडी शैवले शेजारच्या, सख्ख्या नसलेल्या पेशीशीही असा बंध नव्याने जोडू शकतात. त्यासाठी एक पेशी स्वतःपासून एक लहानगी पेशी तोडते. त्या लहान पेशीत एक केंद्रक असते. आणि ती शेजारच्या पेशीत विलीन होते. मागे उरतो तो दुय्यम गर्तबंध. एकाच शैवलाच्या शरीरात हे चालते तेव्हा त्यात वावगे काही नाही. परोपजीवी आणि यजमान यांच्या सीमेवरही असे बंध असतात हे पूर्वीपासून ठाऊक होते, आणि त्यांना अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या समजले जात असे. पण बंध जोडला जाताना लहान पेशीतील केंद्रकाचे काय होते, हा प्रश्न कोणी नेटाने विचारला नव्हता.

तो सांताक्रूझ येथील लिंडा गॉफ आणि ब्राउन विद्यापीठातील ॲनेट कोलमन यांनी विचारला. डी.एन.ए.स चिकटून चमकणारे रंजक वापरून त्यांनी १९८४ मध्ये दाखविले की, कोरिओकोलॅक्सची केंद्रके पॉलिसायफोनियाच्या पेशींत प्रत्यक्ष जाऊन पडतात. तेथे ती विभागत नाहीत, पण कित्येक आठवडे टिकून राहतात. ज्या पेशीत असे परके केंद्रक शिरते तिचा नूर पालटतो : मधली रिक्तिका आक्रसते आणि लवके, मायटोकाँड्रिया यांसारखी अंगके वाढतात. पेशी मरत नाही. उलट ती अधिक जोमाने काम करू लागते, फक्त कोणासाठी ते बदलते. बांडगुळाचे मूळ झाडात शिरते आणि रस शोषते, या चित्राहून हे सर्वस्वी निराळे आहे. येथे परोपजीवी यजमानाच्या पेशीस केवळ लुटत नाही, तिचा कारभारच हाती घेतो. साहाय्यक पेशीची आठवण येथे होते. परक्या केंद्रकास थारा देण्याची जी वाट तांबड्या शैवलांच्या पुनरुत्पादनाने आधीच घालून ठेविली होती, तिच्याशी परोपजीवीची ही वाट विलक्षण जुळते. परोपजीवनाचा हा प्रकार याच शैवलांत इतक्या वेळा का उद्भवला, याचे निदान अर्धे उत्तर तरी त्यात असावे.

सहोदर-परोपजीवींत मजल याहूनही पुढे गेलेली आढळली. ग्रॅसिलॅरिओफिलाचे बीजुक यजमानावर रुजते, आत एक तंतू घालते आणि तो तंतू यजमानाच्या पेशीशी थेट एकरूप होतो. येथे परोपजीवीची केंद्रके नुसती टिकून राहत नाहीत. ती यजमानाच्या पेशीत विभागतात, संख्येने वाढतात आणि एका पेशीतून दुसरीत पसरतात. १९९५ मध्ये गॉफ आणि कोलमन यांनी या मिश्र पेशींतील अंगकांचा हिशेब लावला. ग्रॅसिलॅरिओफिला, गार्डनेरिएला व प्लोकॅमिओकोलॅक्स या तिन्ही वंशांत केंद्रके परोपजीवीची, मायटोकाँड्रिया परोपजीवीची, पण लवके मात्र यजमानाची, असे त्यांना आढळले. परोपजीवीची बीजुके तयार होतात तेव्हा यजमानाचीच लवके, त्यांचे प्रकाशसंश्लेषणाचे रूप उतरवून, त्यांत भरली जातात. पुढील पिढी नव्या यजमानाकडे जाते ती मागच्या यजमानाची शिदोरी घेऊन.

वर्गीकरणाच्या दृष्टीने यातून एक पेच उभा राहिला. अशा जीवाचे लवक वाचून त्याचे नाते ठरवू गेल्यास उत्तर यजमानाचे येणार. केंद्रक वाचल्यास ते स्वतःचे येणार. एकाच शरीरात दोन वंशावळी नांदत आहेत. ज्या भाषेचा शब्दसंग्रह एका कुळातून आणि प्रत्यय दुसऱ्या कुळातून आले आहेत, तिच्या अभ्यासकास हा पेच ओळखीचा वाटेल. तेथे जो उपाय करितात तोच येथे करावा लागला : उसने काय आणि वारशाचे काय, हे आधी वेगळे केले पाहिजे.

केंद्रकातील जनुकांच्या आधारे गॉफ व तिच्या सहकाऱ्यांनी १९९६ आणि १९९७ मध्ये परोपजीवी व त्यांचे यजमान यांची तुलना प्रसिद्ध केली. अनेक सहोदर-परोपजीवींचे सर्वांत जवळचे नातलग त्यांचे यजमानच निघाले. या बाबतीत सेचेलचे अनुमान ऐंशी वर्षांनी पुष्ट झाले. परंतु सर्वत्र एकच साचा लागू पडला नाही. ॲस्टेरोकोलॅक्स हा वंश एकाच पूर्वजापासून निघालेला नसून त्यातील जातींचे उगम निरनिराळे आहेत, असे दिसले. आणि काही परोपजीवी आपल्या पहिल्या यजमानावरून त्याच्या भाऊबंदांवर पसरले असावेत, अशीही चिन्हे मिळाली. घरात जन्मलेला परोपजीवी पुढे शेजारच्या घरात जाऊ शकतो. स्टर्चचे म्हणणेही त्यामुळे सर्वस्वी टाकाऊ ठरले नाही. आप्त असणे ही उगमाची बाब असली तरी ती प्रसाराची सोयही आहे.

२००४ मध्ये झुकारेल्लो, मून आणि गॉफ यांनी कोरिओकोलॅकेसी कुलाचीच तपासणी केली आणि ते कुल कोसळले. होल्मसेला हा ग्रॅसिलॅरियाच्या गणात, म्हणजे स्वतःच्या यजमानापाशी, जाऊन बसला. कोरिओकोलॅक्स आणि हार्वेयेला हे ऱ्होडोमेलेसी या मोठ्या कुलात पडले. त्यांचे यजमानही त्याच कुलातील आहेत. ज्यांना परके मानून यजमानांपासून दूरच्या एका कुलात नेऊन ठेविले होते, ते त्याच घराण्यातले निघाले. त्यांचा जो सारखेपणा राइन्शपासून सर्वांना जाणवला होता तो खराच होता, पण तो रक्ताचा नव्हता. एकच धंदा पत्करल्याने आलेला होता. सहोदर आणि परके ही विभागणीदेखील मग पूर्वीइतकी ताठ राहिली नाही. आज पुष्कळ अभ्यासक तिच्याकडे काळाच्या अंतराची भाषा म्हणून पाहतात : अलीकडे फुटून निघालेला तो सहोदर, आणि फार पूर्वी निघून रूप व यजमान पालटून बसलेला तो परका.

याच्या पाठोपाठ आलेला एक शोध या मतास पोषक आहे. सॅलोमाकी, निकल्स आणि लेन यांनी २०१५ मध्ये कोरिओकोलॅक्सच्या लवकाचा जनुकसंच वाचला. हे लवक यजमानाकडून घेतलेले नसून कोरिओकोलॅक्सचे स्वतःचे आहे, असे त्यांना आढळले. तो संच सुमारे ९०,००० आधारक-जोड्यांचा आहे. प्रकाशसंश्लेषणाची जनुके त्यातून गळाली आहेत, पण इतर जीवरासायनिक कामांसाठी लागणारी पुष्कळ उरली आहेत. संशोधकांनी त्यास 'भुताटकीचे लवक' अशा अर्थाचे नाव दिले. जुन्या परोपजीवीने जुने लवक जपले आहे, आणि नवे सहोदर मात्र यजमानाच्या लवकावर निभावतात. यांतील कोणती अवस्था आधीची आणि कोणती नंतरची, हा प्रश्न त्यामुळे दिसतो तितका सोपा राहत नाही.

लोपाचा पुरावा किती सावधपणे घ्यावा, याचे याहूनही बोधप्रद उदाहरण मायटोकाँड्रियाच्या बाबतीत घडले. ग्रॅसिलॅरिओफिलाच्या मायटोकाँड्रियातून काही महत्त्वाची जनुके नाहीशी झाली असून हा परोपजीवनाचा परिणाम असावा, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. विधान सयुक्तिक होते. परोपजीवी गमावतो, हे सर्वांना पटणारेच आहे. परंतु २०१७ मध्ये सॅलोमाकी आणि लेन यांनी कोरिओकोलॅक्सचा मायटोकाँड्रियल संच पुरा आढळल्यावर ग्रॅसिलॅरिओफिलाचे वाचन नव्याने केले, आणि गहाळ म्हणून नोंदलेली बहुतेक जनुके जागेवर सापडली. त्याच तपासणीत इतर, स्वतंत्रपणे जगणाऱ्या तांबड्या शैवलांतील पुष्कळ तथाकथित लोपही वाचनाचेच दोष ठरले. लेन हे २०१० च्या लेखाच्या लेखकांपैकीच एक होते, ही गोष्ट त्या क्षेत्रातील शिस्तीची साक्ष देते. १९२६ चे कुल आणि २०१० चा निष्कर्ष यांच्यामध्ये साधनांचे केवढे अंतर आहे. पण 'नाही' हे 'दिसले नाही' याहून वेगळे असते, ही अडचण दोन्हीकडे एकच होती.

नामकरणाचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. राइन्शपासून परोपजीवीसाठी स्वतंत्र वंश स्थापण्याची रूढी पडली, कारण त्याचे रूप यजमानाहून इतके भिन्न की दोघांस एका वंशात घालण्याची कल्पनाच कोणास शिवली नसती. आता नाते सिद्ध झाल्यावर रूपाचा मान राखावा की वंशावळीचा, यावर एकमत नाही. जेथे परोपजीवी यजमानाच्या वंशातूनच निघाला आहे तेथे त्यास वेगळा वंश दिल्यास यजमानाचा वंश अपुरा, पूर्वजाच्या काही संततीस वगळणारा ठरतो. आणि न दिल्यास सव्वा-दीड शतक रुळलेली नावे मोडावी लागतात. न्यूझीलंडमधील प्रॉइस, नेल्सन व झुकारेल्लो यांनी २०१७ मध्ये सर्व वर्णित जातींचा जो आढावा घेतला, त्यात यांतील कित्येक जातींच्या परोपजीवनाचा पेशींच्या पातळीवरील पुरावाच अजून मिळावयाचा आहे, हे स्पष्ट केले. अशा जातींबाबत नाव बदलण्याची घाई अर्थातच अस्थानी होय.

जेथे पुरावा पुरेसा होता तेथे मात्र बदल होऊ लागले आहेत. ग्रॅसिलॅरिया सॅलिकॉर्निया या शैवलावर वाढणारे एक परोपजीवी जपानच्या यामामोतो याने १९८६ मध्ये काँग्रॅसिलॅरिया बाबाई या नावाने वर्णिले होते. नावातील 'काँ' हा उपसर्ग सहवास सुचवितो. म्हणजे ग्रॅसिलॅरियाबरोबर राहणारे, पण ग्रॅसिलॅरिया नव्हे. मलेशियातील संशोधकांनी २०१४ मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास करून त्यास यजमानाच्याच वंशात घातले, आणि तेव्हापासून ते ग्रॅसिलॅरिया बाबाई या नावाने ओळखले जाते.